स्टार्ट-स्टॉप कधी चालते, कधी नाही: गॅरेजला जाण्याआधी काय तपासायचं

जळगावात आकाशवाणी चौकात गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, आणि पुढे इच्छादेवी चौकात तीच गाडी थांबूनही चालूच राहते. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करून निघताना परत सुरू करणारी ही सोय म्हणजे स्टार्ट-स्टॉप. बहुतेक वेळा यात बिघाड काहीच नसतो. इंजिन बंद करण्याआधी गाडीचा कंट्रोल युनिट बऱ्याच अटी तपासतो आणि त्यातली एक जरी अडली तरी इंजिन चालू ठेवतो. म्हणून अडलेली अट हुडकायची, तीही बिनखर्चाच्या गोष्टींपासून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आधी सवयी बघा. मॅन्युअल गाडी न्यूट्रलला हवी आणि पाय क्लचवरून पूर्ण उचललेला हवा. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभे राहणाऱ्यांची गाडी सहसा बंद होतच नाही. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक नुसता टेकवून भागत नाही, नीट दाबावा लागतो. सीटबेल्ट आणि दरवाजा नीट लागलेला हवा. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत एकदा बंद झालेलं इंजिन लगेच पुन्हा बंद होत नाही, कारण दोन थांब्यांच्या मध्ये गाडीने ठरावीक वेग गाठावा लागतो. इंजिन गार असताना, चढावर, किंवा स्टिअरिंग वळवलेलं असतानाही बऱ्याच गाड्या नकार देतात.

बोनेट मात्र मुद्दाम तपासा. सर्व्हिसिंग किंवा वॉशिंगनंतर अचानक स्टार्ट-स्टॉप बंद पडली असेल तर पहिला संशय त्याच्या लॉकमधल्या, बोनेट लागलंय का ते गाडीला कळवणाऱ्या स्विचवर घ्यायचा. बोनेट फूटभर उंचीवरून सोडून पक्कं लावा. तरी उघडं असल्याची खूण दिसत राहिली तर स्विचमध्ये धूळ किंवा पाणी गेलेलं असू शकतं.

आता एसी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो, तेव्हा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच असतं. इंजिन बंद म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर बंद (बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्या पट्ट्यावरच फिरतो), म्हणून आतली हवा पुरेशी गार झाल्याशिवाय गाडी इंजिन थांबवत नाही. रेल्वे फाटकावर उभे असताना मिनिटाभराने इंजिन आपोआप सुरू होतं, तेही एसीचं बाष्पक (आतली हवा गार करणारा भाग) तापल्यामुळे. भुसावळला भर दुपारी उन्हात लावलेली गाडी, तापमान सगळ्यात कमी, ब्लोअर चारवर: असं असेल तर इंजिन बंद होण्याची वाट बघू नका. काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग तापमान 25 आणि ब्लोअर दोनवर. पुढच्या काचेचा डिफॉगर बंद ठेवा. खात्री करायची तर एसी पूर्ण बंद करून दोन-तीन ठिकाणी थांबून बघा. इंजिन बंद होत असेल तर विषय संपला. मे महिन्यात यासाठी गॅरेजला पैसे देणं फुकटचंच.

एसी बंद ठेवूनही होत नसेल तर बॅटरी. चार्ज साधारण 70-75 टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक गाड्या स्टार्ट-स्टॉप रोखतात, कारण बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू करायची खात्री उरत नाही. तरी सेल्फ एका दमात लागतो, म्हणून मालकाला वाटतं बॅटरी ठणठणीत आहे. घर ते दुकान तीन किलोमीटर, रोज तेवढंच, अशी गाडी चालली तर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. त्यात खान्देशातला उन्हाळा बॅटरीचं आयुष्य आधीच कमी करतो.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. बॅटरी जुनी असेल तर नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका, बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट करून घ्या.

चार्जिंगला लावताना इथे हमखास चूक होते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. किती करंट आत गेला, किती बाहेर, याचा हिशेब तो ठेवतो. चार्जरचा काळा चिमटा थेट टर्मिनलला लावला की करंट सेन्सरला वगळून जातो, बॅटरी भरते पण गाडीच्या लेखी ती रिकामीच राहते. काळा चिमटा बॉडीच्या किंवा इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. मागाहून बसवलेला अँप, हॉर्न, डॅशकॅम यांची अर्थिंगही तिथेच हवी. ती टर्मिनलवर असेल तर आधी हलवून घ्या.

बॅटरी बदलायची असेल तर साधी बसवू नका. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांसाठी ईएफबी आणि एजीएम असे दोन दणकट प्रकार येतात: मूळ ईएफबी असेल तर ईएफबी किंवा एजीएम, आणि मूळ एजीएम असेल तर एजीएमच. स्वस्तात साधी बसवली तर रोजच्या वारंवार सेल्फ मारण्याने ती लवकर निकामी होते. तार काढून जोडल्यावर सेन्सरला बॅटरी नव्याने ओळखावी लागते. त्यासाठी काही गाड्या चारेक तास लॉक करून उभ्या ठेवाव्या लागतात, काही युरोपीय गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते.

बीएस-6 डिझेलमध्ये आणखी एक कारण असतं. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळत असताना इंजिन बंद होत नाही. आयडलिंग थोडं वाढलेलं, मायलेज घसरलेलं, पंखा जोरात: ही त्याची खूण. तेव्हा गाडी बंद न करता हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा.

एवढं करूनही होत नसेल, स्टार्ट-स्टॉपची खूण पिवळी लुकलुकत असेल किंवा इंजिनचा दिवा लागला असेल, तर गॅरेजला न्या आणि स्कॅनरवर क्लच स्विच, न्यूट्रल स्विच, ब्रेक व्हॅक्यूम आणि बॅटरी सेन्सर यांचं चालू रीडिंग दाखवायला सांगा. बंद झालेलं इंजिन चौकात परत सुरूच झालं नाही, तर तपासणी होईपर्यंत दरवेळी गाडी सुरू केल्यावर इंग्रजी A अक्षराभोवती गोल बाण असलेलं बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद करत जा.