मणका, बरगडी, खांदा आणि हात : हाडे ओळखायला शिकताना

शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या वर्षात बहुतेक विद्यार्थी पुस्तकातील आकृती समोर ठेवून हातातले हाड तिच्याशी ताडून पाहतात. काही वर्षे नवख्या विद्यार्थ्यांना हाडे दाखवण्याचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा क्रम उलटा असायला हवा. हाड आधी हातात घ्यावे, शरीरात ते जसे असते तसे धरावे, आणि वरचे टोक कोणते, पुढची बाजू कोणती व मध्यरेषेकडची कड कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पुस्तक उघडावे. या तीन दिशा ठरल्या की हाड उजवे की डावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. मात्र दिशा ठरवताना माणूस ताठ उभा आहे, हात बाजूला सरळ आहेत आणि तळवे पुढे वळलेले आहेत असेच धरले पाहिजे. तळहात मागे वळवून विचार केला तर हाताच्या पुढल्या भागातली दोन हाडे एकमेकांवर तिरकी येतात आणि सगळाच गोंधळ होतो.

पाठीच्या कण्यापासून सुरुवात करावी की हाताच्या लांब हाडांपासून, यावर मतभेद आहेत. लांब हाडे सोपी वाटतात हे खरे, परंतु मणके आधी समजले तर बरगड्या फारशा कष्टाविना समजतात, म्हणून मी मणक्यांकडून सुरुवात करण्याच्या बाजूचा आहे. मानेत 7, छातीच्या मागे 12 आणि कमरेत 5 असे सुटे मणके असतात. त्याखालचे 5 मणके प्रौढ वयात एकजीव होऊन सेक्रम तयार होते आणि शेवटी माकडहाड येते. सुटा मणका हातात आला की प्रथम त्याचे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले आडवे प्रवर्ध, म्हणजे ट्रान्सव्हर्स प्रोसेस, पाहावेत. त्यांत छिद्र असेल तर मणका मानेचा आहे, याबद्दल दुसरा पुरावा लागत नाही. छिद्र नसेल तर मणक्याच्या मुख्य भागाच्या बाजूंवर बोट फिरवावे. तेथे बरगडी टेकण्यासाठी गुळगुळीत खूण आढळली तर तो छातीचा मणका होय. छिद्रही नाही आणि खूणही नाही, तर तो कमरेचा. आकारावरून ओळखण्याचा मोह टाळावा, कारण लहान चणीच्या व्यक्तीचा कमरेचा मणका आणि धिप्पाड व्यक्तीचा छातीतला शेवटचा मणका शेजारी ठेवले तर नुसती नजर फसते.

मणक्याची वरची बाजू ठरवणे हे नवख्यांना सर्वांत अवघड जाते. छातीच्या मणक्याचा मागचा काटा लांब असून खाली झुकलेला असतो, त्यामुळे तेथे प्रश्न येत नाही. कमरेच्या मणक्याचा काटा मात्र कुऱ्हाडीच्या पात्यासारखा रुंद आणि जवळजवळ आडवा असल्याने त्याच्यावरून काहीच कळत नाही. तेथे सांध्याच्या पृष्ठभागांकडे वळावे. वरच्या बाजूचे दोन सांध्याचे पृष्ठभाग अंतर्वक्र असून एकमेकांकडे तोंड करून असतात, तर खालचे दोन बहिर्वक्र असून बाहेर पाहतात. लागोपाठचे दोन मणके मिळाले तर वरच्या मणक्याचे खालचे प्रवर्ध खालच्या मणक्याच्या प्रवर्धांमध्ये बसवून पाहावेत. ते ज्या सहजतेने एकमेकांत अडकतात ते एकदा बोटांना कळले की पुन्हा विसरत नाही, आणि कमरेत पुढे-मागे वाकता येते पण फारसे पिळवटता का येत नाही हेही त्याच क्षणी उमगते.

मानेचे पहिले दोन मणके कोणीही ओळखतो. पहिल्याला मुख्य भागच नसतो, तो केवळ एक कडे असते. दुसऱ्यावर दातासारखा उंचवटा उभा असतो. सातव्याचा काटा लांब असून टोकाशी दुभागलेला नसतो, आणि मान खाली घातली की तो बहुधा कातडीखाली सहज चाचपता येतो. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे मणके मात्र सुटे असताना नेमक्या क्रमांकाने सांगण्याचा आग्रह धरू नये. ‘मानेचा नमुनेदार मणका’ एवढे उत्तर प्रामाणिक असते. छातीच्या मणक्यांत पहिल्याच्या वरच्या कडेला बरगडीसाठी पूर्ण गोल खूण असते, मधल्यांना वर आणि खाली अर्ध्या अर्ध्या खुणा असतात, तर अकराव्या आणि बाराव्याला एकेकच खूण असून त्यांच्या आडव्या प्रवर्धांवर खूण नसते. या मांडणीमागचे कारण साधे आहे. नमुनेदार बरगडी आपल्या क्रमांकाच्या आणि त्याच्या वरच्या अशा दोन मणक्यांना टेकते, तर पहिली आणि शेवटच्या दोन बरगड्या आपापल्या एकाच मणक्यावर भागवतात.

त्यामुळे बरगडीचे डोके पाहिले की निम्मे काम होते. डोक्यावर उभार रेषेने विभागलेले दोन सपाट भाग असतील तर ती नमुनेदार बरगडी. डोके मागे, वळणाचा फुगीर भाग बाहेर, आणि आतल्या पृष्ठभागावरची पन्हळ खालच्या कडेशी येईल अशी ती धरली की बाजू निश्चित होते. या पन्हळीच्या आश्रयाने शिरा, धमनी आणि मज्जातंतू जातात. छातीतून द्रव काढताना सुई बरगडीच्या वरच्या कडेलगत का घालतात, हे हाड हातात धरून समजावून घेतलेला विद्यार्थी पुढे रुग्णापाशी अडखळत नाही.

पहिली बरगडी स्वतंत्र वेळ देण्याजोगी आहे. ती सर्वांत आखूड, रुंद आणि सर्वांत जास्त वळलेली असून तिचे पृष्ठभाग आत-बाहेर नसून वर-खाली असतात. टेबलावर ठेवून पाहावी. वरचा पृष्ठभाग वर असेल तर तिची दोन्ही टोके टेबलाला टेकतात. त्या पृष्ठभागावर आतल्या कडेशी एक लहानसा उंचवटा लागतो. त्याच्या पुढच्या उथळ खोबणीत सबक्लेव्हियन शीर आणि मागच्या खोबणीत त्याच नावाची धमनी असते. हा उंचवटा डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याला लागतो, म्हणून डोळे मिटून तो शोधण्याचा सराव मी आवर्जून करून घेतो. अकरावी आणि बारावी बरगडी टोकदार असतात, पुढे कोठेही जोडलेल्या नसतात आणि त्यांना डोक्यालगतच्या अरुंद भागापलीकडचा, म्हणजे बरगडीच्या मानेपलीकडचा, उंचवटा नसतो, एवढे पुरे.

उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधोमध असलेल्या चपट्या हाडाला, उजवी-डावी बाजू नसते, तिची वर-खाल आणि पुढे-मागे एवढेच सांगायचे. तिच्या वरच्या आणि मधल्या भागांच्या सांध्यावर आडवी कंगोरी येते, जेथे दुसऱ्या बरगडीचा कूर्चा जुळतो. पहिली बरगडी गळ्याच्या हाडामागे दडलेली असल्याने जिवंत माणसाच्या बरगड्या मोजण्याची सुरुवात येथूनच होते. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हे लगेच पडताळता येते. एखाद्या उरोस्थीच्या मधोमध गोल, गुळगुळीत कडेचे छिद्र आढळले तर ती इजा समजू नये. वाढीच्या काळात हाडाचे भाग पूर्ण न जुळल्याने ते राहून जाते.

गळ्याचे हाड, म्हणजे क्लॅव्हिकल, लहान असले तरी परीक्षेत बरेच बळी घेते. आतले टोक जाड आणि चौकोनी, बाहेरचे टोक चपटे. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश मागे वळलेला. येथवर सर्व जण येतात, परंतु वर-खाल ठरवल्याविना बाजू सांगतात आणि उत्तर चुकते. खालच्या पृष्ठभागावर मधोमध लांबट खोबण आणि बाहेरच्या टोकाजवळ खडबडीत उंचवटा असतो. तो पृष्ठभाग जमिनीकडे केल्याखेरीज बोलू नये. गर्भात सर्वांत आधी हाड बनू लागते ते हेच, आणि त्याचे आतले टोक मात्र विशी उलटल्यानंतर केव्हातरी पूर्ण जुळते. म्हणूनच तरुण वयाचा अंदाज बांधताना ते उपयोगी पडते.

खांद्याचे पाते दिव्यासमोर धरले तर मधला भाग इतका पातळ असतो की त्यातून उजेड दिसतो, तर बाहेरची कड जाड आणि मजबूत असते. पाठीकडच्या बाजूला उभा राहिलेला कंगोरा, बाहेर पाहणारी उथळ खळगी आणि पुढे वळलेला आकडा या तिन्हींनी दिशा पक्क्या होतात.

दंडाच्या हाडाचे गोल डोके आत, वर आणि किंचित मागे पाहते, आणि खालच्या टोकाशी मागच्या बाजूला कोपराचे टोक बसण्याची खोल खळगी असते. या दोन खुणांवर बाजू ठरते. कोपराच्या आतल्या बाजूचा ठळक उंचवटा विसरू नये. त्याच्यामागून अल्नर मज्जातंतू जातो, आणि तेथे आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या का जातात ते यावरून कळते. रेडियस आणि अल्ना या कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांत घोळ होतो तो जाड टोकामुळे. रेडियसचे मनगटाकडचे टोक रुंद, अल्नाचे कोपराकडचे. रेडियस अंगठ्याच्या बाजूला असते आणि दोघांच्या धारदार कडा एकमेकांकडे पाहतात.

परीक्षेच्या टेबलावर येणारी हाडे बहुधा अनेकांच्या हातून गेलेली असतात. टोके झिजतात, काटे तुटतात, आणि नेमकी पाठ केलेली खूण नाहीशी झालेली असते. यासाठी प्रत्येक हाडाच्या किमान दोन खुणा, आणि त्याही हाडाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, हाताशी असाव्यात. लांब हाडाचा केवळ मधला तुकडा मिळाला तर पोषक धमनीचे बारीक छिद्र शोधावे. दंड, रेडियस आणि अल्ना या तिन्हींत ते तिरके असून त्याचा रोख कोपराकडे असतो, त्यामुळे दोन्ही टोके नसली तरी वरची बाजू सांगता येते. दंडाच्या तुकड्यावर मागच्या बाजूने तिरकी उतरणारी रेडियल मज्जातंतूची उथळ खोबण आणि बाहेरच्या बाजूचा डेल्टॉइड या खांद्यावरच्या स्नायूचा खडबडीत भाग सापडला, तर उजवा-डावाही ठरतो.