बेचाळीस रात्री, सात संध्याकाळी: साने गुरुजींचा वाचन सप्ताह कसा भरवावा

सप्ताह म्हटलं की नाशिककराला फार समजावून सांगावं लागत नाही. मांडव, व्यासपीठ, ओळीनं बसलेले वाचक आणि सात दिवसांत ग्रंथाचं पारायण पुरं. आवडत्या लेखकाचा वाचन सप्ताह भरवायचा तर हाच साचा घ्यावा. हौशी मंडळी नेमकी इथेच चुकतात. पहिल्या दिवशी उद्घाटक, दुसऱ्या दिवशी परिसंवाद, तिसऱ्या दिवशी प्रकट मुलाखत, आणि आठवडा सरतो तरी लेखकाचं पानभरही कुणाच्या कानावर पडलेलं नसतं. भाषणं ऐकायला गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला आहेच. सप्ताहात फक्त वाचायचं आणि ऐकायचं.

नाशकात लेखक निवडताना पहिलं नाव कुसुमाग्रजांचं येणार, पण २७ फेब्रुवारीला त्यांच्यासाठी शहरभर कार्यक्रम असतात. त्याआधीचा एक आठवडा साने गुरुजींना द्यावा. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला लिहायला घेतली आणि १३ तारखेला पहाटे तिथलं लिखाण संपवलं. पुस्तकाचा बराच मोठा भाग या शहरात, त्या चार-पाच दिवसांत कागदावर उतरला, हे इथल्या पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. म्हणून सप्ताह ९ ते १५ फेब्रुवारी असा धरावा. बारावीची मुलं परीक्षेमुळे येणार नाहीत, ते गृहीत धरा.

दुसरं कारण हिशेबाचं. पुस्तकात बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि आठवड्याला सात दिवस, म्हणजे रोज सहा रात्री. एकही गाळावी लागत नाही. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: हे पुस्तक मुळात ऐकण्याचंच आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की मित्र गोळा होतात आणि श्याम एकेका रात्री आईची एकेक आठवण सांगतो. तुमची सतरंजी त्या आश्रमाच्या जागी आहे, एवढं एक ध्यानात ठेवलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. वाचन संध्याकाळीच का, क्रम का मोडायचा नाही, टाळ्या का नकोत, सगळ्याचं उत्तर तिथेच आहे.

कायद्याचंही इथे सोपं जातं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. गुरुजी ११ जून १९५०ला गेले, त्यामुळे २०११पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. अख्खं पुस्तक जाहीर वाचा, मोठ्या अक्षरात छापून वाचकांना द्या, परवानगी लागत नाही. मात्र नव्या आवृत्तीतली दुसऱ्या कुणाची प्रस्तावना, चित्रं किंवा मुखपृष्ठ उचलू नका; त्यांचे हक्क वेगळे असतात. हक्क शाबूत असलेल्या लेखकाचा सप्ताह करायचा झाला तर वाजवी लांबीचे उतारे जाहीर वाचता येतात, पण छायाप्रती काढून वाटता येत नाहीत.

जागा

सलग सात संध्याकाळी एकच जागा मिळणं, ही पहिली अट. तीन दिवस वाचनालयात, दोन शाळेत, दोन कुणाच्या वाड्यात, असं केलं की निम्मे लोक वाटेत गळतात. सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, शाळेचं सभागृह, काहीही चालेल. साठ माणसं भारतीय बैठकीत आणि पंधरा खुर्च्या मागे मावल्या की झालं. खुर्च्या हव्यातच, गुडघे धरलेली आजी-आजोबा मंडळी तुमचे सगळ्यात पक्के श्रोते असतात.

गोदाघाटाचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा. संध्याकाळी रामकुंडाच्या बाजूला आरती, घंटा, वर्दळ, आणि उघड्यावरचा वारा थेट माइकमध्ये शिरतो. फेब्रुवारीत दिवस मावळला की गारठाही वाढतो. साडेसातनंतर लहान मुलांच्या आया उठायला लागतात. दुसरा धोका लग्नसराईचा. हॉलच्या दोनशे पावलांत मंगल कार्यालय असेल तर त्या तारखा आधी विचारून घ्या. सात वाजता वरात समोर आली की अर्धा तास वाचन बुडालंच. अशा वेळी आवाज चढवून रेटू नये. थांबावं, मध्यंतर तिथेच घ्यावं.

बंद खोलीत चाळीसपर्यंत माणसं असतील तर माइक नकोच. त्यापुढे एक स्टँडचा माइक आणि एक स्पीकर पुरे. स्पीकर वाचकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून; मागे ठेवला की शिट्टी वाजते. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर, आणि माइक थोडा तिरपा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसत नाही. उघड्यावर लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी आठवडाभर आधी काढा.

वेळेचा हिशेब

मोठ्यानं वाचताना मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या पुढे जाऊ नये. त्या वेगानं पुस्तकाच्या एका पानाला अडीच ते तीन मिनिटं लागतात. सहा पानांची रात्र पंधरा ते अठरा मिनिटांची होते. पण सगळ्या रात्री सारख्या नाहीत. प्रत्येक वाचकाला आपली रात्र घरी घड्याळ लावून वाचायला सांगा आणि मिनिटं वहीत टिपून घ्या. त्या वहीवरूनच रोजचं वेळापत्रक करायचं. सव्वासहाला ‘खरा तो एकचि धर्म’ सगळ्यांनी मिळून, साडेसहाच्या आत पहिली रात्र, तीन रात्रींनंतर दहा मिनिटं थांबा, मग पुढच्या तीन, आणि सव्वाआठपासून वीस मिनिटं मोकळं बोलणं. पहिल्या दिवशी पुस्तकाचा ‘प्रारंभ’ही वाचायचा असतो, म्हणून त्या दिवशी पाव तास आधी जमा.

पानांचे आकडे देऊ नका. आवृत्ती बदलली की पान बदलतं, आणि वाचक चाळत बसतो. ‘रात्र सातवी, पत्रावळ’ असंच म्हणा आणि फळ्यावर तसंच लिहा. फळा लिहायचं काम मुलांकडे.

वाचक

बेचाळीस रात्रींना एकवीस वाचक, प्रत्येकाला दोन रात्री, वेगवेगळ्या दिवशी. शिवाय तीन बदली वाचक, त्यांनी त्या दिवसाच्या सहाही रात्री एकदा वाचून आलेलं असावं. घसा बसतो, पाहुणे येतात, द्वारका चौकात माणूस अडकून पडतो. बदली वाचक नसेल तर संयोजकालाच उठावं लागतं आणि तो न वाचता आलेला असतो.

नाटकात काम करणारे आणि निवेदकच सगळे घेऊ नका. वाचकांत आजी हवी, आठवीतली मुलगी हवी, दिवसभर रिक्षा चालवून येणारा बाप हवा. तयारीसाठी आदल्या रविवारी दोन तास सगळ्यांना बसवा. त्यात तीन गोष्टी घासून घ्यायच्या.

पहिली: प्रत्येक रात्रीच्या सुरुवातीला आश्रमातलं थोडं बोलणं येतं. नवखे वाचक ते भरभर उरकतात किंवा गाळतातच. ते तितक्याच शांतपणे वाचावं. ऐकणाऱ्याचं दिवसभराचं मन त्या दहा-बारा ओळींत खाली बसतं.

दुसरी: आईचं बोलणं आलं की आवाज बारीक करणं, श्याम रडला की हुंदका देणं, हे कटाक्षानं टाळायचं. ‘श्यामचे पोहणे’ घ्या. मुलगा पाण्याला भिऊन लपतो, आई शिमटीनं मारत त्याला विहिरीवर धाडते, आणि पोहून आल्यावर तीच वळांवर हात फिरवते. इथे वाचकानं मारण्याचा आवाज वाढवला तर पुढच्या मायेला जागा उरत नाही. सरळ वाचावं, मार संपतो तिथे एक श्वास थांबावं, पुढे जावं. सभेत त्या एका श्वासात काय होतं ते आपल्याला ऐकू येतं.

तिसरी: श्लोक आणि जुने शब्द. संस्कृत ओळ आली की वाचक अडखळतो. ती आधी पाच-सहा वेळा म्हणून घ्यावी, जमत नसेल तर जाणकाराकडून पेन्सिलीनं तोडून घ्यावी. गोष्टी कोकणातल्या आहेत. खोत, पडवी, ओटी, सोवळं हे शब्द फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना अनोळखी असतात. रोज आठ-दहा शब्द अर्थासह फळ्याच्या कडेला लिहून ठेवा. वाचन मध्येच थांबवून अर्थ सांगू नका, सूत तुटतं.

साठीच्या पुढच्या वाचकांना छापील पुस्तकापेक्षा १८ पॉइंटच्या अक्षरात काढलेले सुटे कागद द्या, एका बाजूला छापलेले, कोपऱ्यात ठळक क्रमांक घातलेले. टाचणी मारू नका. पान उलटताना माइकमध्ये खरखर होते, सुटा कागद नुसता बाजूला सरकवता येतो.

सात दिवस कसे जातात

पहिल्या दिवशी गर्दी असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास ओसरते, कारण नावीन्य गेलेलं असतं आणि शेवट अजून लांब असतो. पारायणात रोजच्या पंगतीचा यजमान वेगळा असतो, तीच युक्ती इथे लागू पडते. एक दिवस बचत गटाचा, एक दिवस शाळेच्या शिक्षकांचा, एक दिवस शेजारच्या सोसायटीचा. त्या दिवशीचा चहा, सतरंज्या आणि निदान दहा नवे श्रोते ही त्यांची जबाबदारी. साठ छोट्या कपांना तीन लिटर दूध, तेवढंच पाणी, अर्धा किलो साखर आणि दीडशे ग्रॅम चहा पावडर धरा. चहा मध्यंतरातच द्या. वाचन चालू असताना ट्रे फिरला की ओळीच्या ओळी हरवतात.

दुसरा दिवस ‘पत्रावळ’पासून सुरू होतो. वाचनाआधी अर्धा तास मुलांना पत्रावळ लावायला बसवलं तर ती रात्र त्यांच्या बोटांत उतरलेली असते. पळसाची किंवा वडाची ताजी पानं आणि टाके घालायला बारीक हीर, म्हणजे काड्या, लागतात. पानं सकाळी आणली तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कडा कडक होतात आणि टाका घालताना पान फाटतं. पहिली पत्रावळ सगळ्यांचीच गळकी होते. फेकू देऊ नका, घरी न्यायला लावा. श्यामलाही ती लगेच जमलेली नव्हती.

पाचवा दिवस पंचविसाव्या रात्रीनं, ‘देवाला सारी प्रिय’नं सुरू होतो. त्यात शिवाशीव आहे, त्या काळची जातीची नावं आहेत. काही संयोजक ते शब्द गाळतात. गाळू नयेत, आई मुलाला काय ओलांडायला सांगते आहे, ते त्या शब्दांवाचून कळतच नाही. मात्र वाचकानं आधी दोन वाक्यांत काळ सांगावा, आणि त्या दिवशीचं बोलणं मोकळं ठेवावं. याच गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं, हे तेव्हा सांगण्यासारखं आहे.

सहाव्या दिवशी कर्जाच्या रात्री येतात. समोर निफाड-दिंडोरीकडची द्राक्षवाली मंडळी बसलेली असतील तर जपा. त्या दिवशी उपदेश, योजनांची माहिती, बचतीचं महत्त्व यातलं काहीही नको. कुणाला बोलावंसं वाटलं तर ऐकून घ्यायचं.

सातव्या दिवशी, सदतीस ते बेचाळीस, घरावरची जप्ती आणि आईचं जाणं. या दिवसाचे वाचक सगळ्यात आधी ठरवा. रविवारच्या तयारीत ज्यांचा आवाज भरून येतो त्यांना या रात्री देऊ नका; ते वाईट वाचतात म्हणून नव्हे, त्यांना ऐकणाऱ्यांत बसून रडता यावं म्हणून. तरीही कुणी मध्येच थांबलं तर घाई करू नका. अर्धं मिनिट गेलं तरी चालेल, मग बदली वाचकानं शेजारी बसून पुढचं वाक्य उचलावं. नुकतीच आई गेलेली मुलं येत असतील तर त्यांच्या घरच्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवा, निर्णय त्यांना घेऊ द्या.

बेचाळिसावी रात्र संपल्यावर आभारप्रदर्शन ठेवू नका. आभार सहाव्या दिवशीच मानून टाकावेत. शेवटच्या वाचकानं कागद खाली ठेवावा, दिवे तसेच असू द्यावेत, पाच मिनिटं कुणी माइकला हात लावू नये. लोक आपापले उठतात. सतरंज्या दुसऱ्या दिवशी सकाळी झटकून परत करा, खर्चाचा कागद हॉलच्या दारावर लावा, आणि छापलेले सुटे कागद एकवीस वाचकांना ज्याच्या-त्याच्या रात्रीचे देऊन टाका.