प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपवरून स्वयंपाक शिकायचाय? मग असा शिका

अ‍ॅप निवडताना एकच गोष्ट बघा: उत्तर चुकल्यावर ते कारण सांगतं का? नुसती लाल फुली दाखवत असेल तर काढून टाका. अमुक पदार्थ कुठून आला, असले प्रश्न करमणुकीला ठीक आहेत, पण त्यांनी हात तयार होत नाही. आच, मीठ, माप आणि स्वच्छता यांवरचे प्रश्न घ्या. छोटा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली, अशी मापं सरळ पाठ करा. चुकलेले प्रश्न एक-दोन दिवसांनी पुन्हा सोडवा.

खरी अडचण यापुढे आहे. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणं वेगळं आणि गॅससमोर ते आठवणं वेगळं. कढई पर्याय देत नाही. मीही इथे बराच काळ अडकलो होतो. ‘लेव्हल वाढवत राहा, आपोआप जमेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे.

प्रश्न वाचला की पर्याय हाताने झाका. उत्तर कारणासकट मोठ्याने सांगा आणि मगच हात काढा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्वतःहून आठवून बघणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. पर्याय उघडे ठेवलेत तर हा फायदा कमी होऊ शकतो.

मग त्याच दिवशी एक प्रश्न गॅसवर न्या. समजा प्रश्न आहे, कांदा तपकिरी केव्हा होतो? त्यामागची मुख्य क्रिया, मेयार अभिक्रिया, साधारण १४० अंश सेल्सियसच्या आसपास जोर धरते. आणि कांद्यात भरपूर पाणी असेपर्यंत त्याचं तापमान १०० च्या फारसं वर जात नाही. हे वाचून सोडू नका. एकदा कढई काठोकाठ भरून परता, एकदा तोच कांदा पातळ पसरून. भरलेल्या कढईत तो वाफेतच शिजत राहतो. पसरलेल्यात आधी खळखळ ऐकू येते, पाणी आटलं की आवाज बारीक, कोरडा होतो, पाठोपाठ गोडसर वास येतो आणि कडा रंग धरू लागतात. तो आवाज कानात बसला पाहिजे. चुकीचा पर्यायही करून बघा: सुरुवातीलाच मीठ घाला. कांद्याला पाणी सुटतं, तो लवकर मऊ पडतो, पण रंग उशिरा येतो.

अन्नसुरक्षेच्या प्रश्नांवर मात्र असले प्रयोग अजिबात करू नका. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत पोचलं पाहिजे आणि ते थर्मामीटरनेच बघायचं, रंगावरून ठरवायचं नाही. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

सुरी धरणं कुठलंही अ‍ॅप शिकवत नाही. ते जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिका.

‘मध्यम आचेवर ५ मिनिटं’ असं उत्तर आलं तर त्यावर विसंबू नका. तुमचं भांडं जाड बुडाचं असेल, आच मंद असेल. किती वेळ लागला ते लिहून ठेवा आणि त्यावर स्वतःचा प्रश्न तयार करा. अ‍ॅपमध्ये प्रश्न घालायची सोय असेल तर तिथे, नाहीतर ओट्याजवळच्या वहीत.