सूट चढवता सगळ्यांनाच येतो, उतरवायला शिका

सीबीआरएनच्या कोर्सला पहिल्यांदा निघालेल्या पोरांसाठी हे लिहितोय. सीबीआरएन म्हणजे रासायनिक, जैविक, किरणोत्सर्गी आणि आण्विक हल्ल्यापासूनचा बचाव. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतला, खडकीचा. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, हे शिकलो आणि पुढे उस्ताद म्हणून शिकवलं. प्रेसीतलं, म्हणजे कोर्सच्या छापील टिपणांतलं, तुम्हाला तिथे मिळेलच. प्रेसी वाचून हाताला जे कळत नाही, तेवढंच सांगतो.

सुरुवात वस्तऱ्यापासून. मास्कच्या रबरी कडेला कातडी चिकटून बसली पाहिजे. दोन दिवसांची खुंटंही तिथे फट पाडतात. चष्म्याची काडीही तेच करते. नंबर असेल तर मास्कच्या आत बसणाऱ्या काचा आधीच मागून घ्या, हल्ल्याच्या दिवशी स्टोअर उघडं नसतं.

इशारा झाला की आधी श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, मग हात पिशवीकडे. पोरं उलटं करतात: मास्क शोधता शोधता एक मोठा श्वास घेतात. हनुवटी आधी बसवा, मग पट्टे डोक्यावरून मागे. आता रोखलेली हवा जोरात बाहेर फुंका, म्हणजे आत अडकलेला वायू निघून जाईल. मग कॅनिस्टरच्या, म्हणजे मास्कला लावलेल्या गाळणीच्या डब्याच्या, तोंडावर तळहात दाबून श्वास ओढा. मास्क गालांना चिकटला आणि तसाच राहिला तर ठीक. अनेक फौजांत या सगळ्याला ९ सेकंद देतात. अंधारात, हातमोजे घालून जमेपर्यंत सराव करा.

कॅनिस्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. बंद टाकीत, भुयारात किंवा धुमसत्या इमारतीत त्याच्या भरवशावर शिरू नका. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ आत येतो.

डिटेक्टर पेपरचं, म्हणजे विषाचा थेंब लागला की रंग बदलणाऱ्या कागदाचं, थोडक्यात: पिवळा रंग आला तर सारिनच्या कुळातला नर्व्ह एजंट, म्हणजे मज्जातंतूंवर घाव घालणारं विष, हिरवा म्हणजे व्हीएक्सच्या कुळातला, लाल म्हणजे मस्टर्डसारखा फोड आणणारा. पण हा कागद थेंब ओळखतो, वाफ नाही. शिवाय डिझेल किंवा ब्रेक ऑइललाही तो रंग देतो. म्हणून एकट्या कागदावर निकाल देऊ नका.

बडीच्या, म्हणजे जोडीदाराच्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, नाक-तोंड वाहू लागलं, छाती आवळली, तर विचारत बसू नका. त्याच्याच किटमधलं ॲट्रोपिनचं इंजेक्टर त्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरूनच. तुमचं तुमच्यासाठी राहू द्या. कातडीवर थेंब पडला असेल तर फुलर्स अर्थ, आपली मुलतानी माती, टाकून टिपायचं. चोळलंत तर विष आणखी पसरेल.

आता खरी गोष्ट. सूट घातलेला माणूस बहुधा नीट वागतो, कारण त्याला भीती असते. उतरवताना तो घामाने निथळत असतो, तहानलेला असतो, आणि आपण सुटलो असं त्याला वाटतं. टोकियोच्या मेट्रोत २० मार्च १९९५ रोजी सारिन सोडला गेला तेव्हा लोकांना धुतल्याशिवाय, अंगावरच्या कपड्यांसकट दवाखान्यांत नेलं गेलं. कपड्यांतून निघालेल्या वाफेने तिथल्या डॉक्टर-नर्सनाही त्रास झाला.

म्हणून डिकॉनची, म्हणजे विष धुऊन सूट उतरवण्याची, रेघ वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा जिकडून येतो तिकडे, आखा. वारा फिरला तर रेघही फिरवा. आधी बूट आणि हातमोजे निर्जंतुक नव्हे, निर्विष करा. पोरं हे दोन शब्द एकच समजतात. मग बडी मागून जॅकेट उलटं गुंडाळत काढेल, केळं सोलल्यासारखं, बाहेरची बाजू आत जाईल असं. डोक्यावरून काहीही ओढायचं नाही, अडलं तर कात्री. पँट, वरचे बूट, बाहेरचे हातमोजे, आणि मास्क सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, डोळे मिटून, मागच्या पट्ट्यांना धरून. "उस्ताद, गुदमरतंय, मास्क आधी काढू?" हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. नाही.

गुदमरणं खोटं नसतं म्हणा. कोळशाच्या अस्तराचा तो सूट, त्यात राजस्थानातला मे. उन्हाने माणूस पडायला शत्रू लागत नाही. कामाच्या पाळ्या छोट्या ठेवा, आणि आत जाण्याआधीच भरपूर पाणी पाजा.

अण्वस्त्राच्या धुळीचा हिशोब सोपा आहे: वेळ सातपट झाली की किरणोत्सर्ग दहावा हिस्सा उरतो. स्फोटानंतर तासाभराने जेवढा होता, त्याचा ७ तासांनी दहावा आणि साधारण दोन दिवसांनी शंभरावा. फार घाईचं काम नसेल तर पहिले दोन दिवस मातीखालच्या बंकरमध्येच काढा.

काढलेला माल दुहेरी पिशवीत बांधून वर वेळ लिहा. आणि मस्टर्डचा संशय असेल तर बडीला "काही होत नाही" म्हणतोय म्हणून मोकळं सोडू नका. लागताना दुखत नाही, फोड काही तासांनी उठतात. रात्रीतून त्याची मान, काखा, जांघा तपासा. लाली दिसली की तसाच एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, न्या.