पद्मिनीचा इलेक्ट्रिक फॅन: स्विचचं तापमान नेमकं कसं लावावं

प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० या गाड्यांना मुळात पट्ट्यावर फिरणारा पंखा असतो. इंजिन मंद झालं की तोही मंद होतो, त्यामुळे सिग्नलला आणि घाटातल्या रांगेत, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, तो कमी पडतो. म्हणून बरेच मालक इलेक्ट्रिक फॅन बसवून घेतात. फॅन चांगला बसतो, पण ठरावीक तापमानाला तो सुरू-बंद करणारा स्विच अंदाजाने लावला जातो. मग फॅन एक तर थांबतच नाही, नाही तर तापमानाचा काटा लाल पट्ट्याला भिडल्यावर सुरू होतो.

नॉबवाल्या स्विचच्या एका टोकाला पेन्सिलीएवढा तांब्याचा बल्ब असतो. त्यातून निघालेली बारीक नळी दुसऱ्या टोकाच्या डबीत जाते. बल्बमधला द्रव तापून फुगतो, डबीतला पातळ पडदा ढकलतो आणि टक् आवाज होऊन सर्किट जुळतं. नॉब फिरवला की स्प्रिंगचा ताण बदलतो, एवढंच. स्क्रूसारखा आत बसणारा, अंगावर ‘९२-८७’ असे आकडे कोरलेला स्विच मात्र कमी-जास्त करता येत नाही. त्यात पहिला आकडा फॅन सुरू होण्याचा, दुसरा बंद होण्याचा. तापमान बदलायचं तर स्विचच बदलावा लागतो.

आधी थर्मोस्टॅट बघा

सगळं गणित इथे आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची, तापल्यावर उघडणारी झडप. त्याच्यावर तो उघडायला लागण्याचं तापमान कोरलेलं असतं, समजा ८२. त्याखाली तो रेडिएटरकडे पाणीच सोडत नाही. म्हणजे बल्ब वरच्या होजमध्ये (इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी नेणाऱ्या रबरी नळीत) असेल आणि फॅन ७८ अंशांना बंद व्हायचा असेल, तर इंजिन चालू असेपर्यंत तो बंद होणारच नाही, कारण वर येणारं पाणी कायम ८२च्या पुढचं असतं. फॅन बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा ३-४ अंश वर हवं. ८२च्या थर्मोस्टॅटला ९२ला सुरू, ८६च्या आसपास बंद. ८८च्या थर्मोस्टॅटला ९७ला सुरू, ९२च्या आसपास बंद. बल्ब खालच्या टाकीत असेल तर तिथे रेडिएटरमधून थंड होऊन आलेलं पाणी असतं, म्हणून ५ ते १० अंश कमी धरा.

गाडी तापते म्हणून आपल्याकडे थर्मोस्टॅट काढूनच टाकायची सवय आहे. तसं झालं असेल तर तो आधी परत बसवा. त्याच्याशिवाय इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि स्विच लावायला आधारच उरत नाही.

पातेल्यातली चाचणी

डबीवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. जेवणासाठी पुन्हा वापरायचं नाही असं एक जुनं पातेलं घ्या, कारण वापरलेल्या बल्बला कूलंट लागलेलं असतं आणि ते विषारी आहे. सोबत १०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर आणि मल्टिमीटर लागेल. तापाचा थर्मामीटर चालत नाही.

मल्टिमीटर बझरवर ठेवून त्याच्या दोन्ही वायरी स्विचच्या टर्मिनलांना लावा. बल्ब आणि थर्मामीटर शेजारी शेजारी पाण्यात लोंबकळत ठेवा. बुडाला टेकले तर आकडा चुकतो. नॉब मधोमध ठेवा आणि मंद आचेवर पाणी ढवळत तापवा. ८० अंशांनंतर आच आणखी कमी करा. बझर वाजला की तापमान लिहा, मग गॅस बंद करून तो थांबतो तेव्हाचं लिहा. दोन्हींमधला फरक बहुतेक ५ ते ८ अंश निघतो. तो स्विचच्या घडणीतच असतो, नॉबने बदलत नाही. नॉब थोडा थोडा फिरवून हवं तापमान सापडलं की डबीवर रंगाचा ठिपका द्या आणि आणखी दोनदा खात्री करा. तिन्ही वेळा आकडे २ अंशांच्या आत आले नाहीत तर स्विच बदला.

गाडीवर बसवताना

बारीक नळी हाताने मोठ्या वळणाने वळवा. कडक दुमडली तर तडकते, द्रव निघून जातो आणि फॅन कधीच सुरू होत नाही. फॅनचा करंट स्विचमधून थेट नेऊ नका. रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या टर्मिनलांवर आकडे असतात: ३०ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर, ८७ला फॅन, ८६ला इग्निशननंतरचा सप्लाय स्विचमधून, ८५ला अर्थ. सुमारे १० अँपिअरच्या फॅनला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा फ्यूज पुरतो. एका टर्मिनलचा स्विच स्वतःच्या अंगातून अर्थ घेतो, म्हणून तो ८६ऐवजी ८५च्या वायरीत येतो. तो होजमधल्या धातूच्या जोडात बसवला असेल, तर त्या जोडाला वेगळी अर्थची वायर द्या. दोन्ही बाजूंना रबर असल्यामुळे त्याला अर्थ मिळत नाही, आणि दोष मात्र स्विचला दिला जातो.

आता थंड इंजिनात कूलंट भरा, हवा काढा, रेडिएटरची कॅप लावा आणि गाडी उभ्यानेच चालू ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर वरच्या टाकीवर काळी टेप चिकटवून तिच्यावर धरा, चकचकीत पितळेवर तो कमी तापमान दाखवतो. फॅन दोनदा सुरू आणि दोनदा बंद होईपर्यंत थांबा. हात पात्यांपासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. गरम कॅप उघडू नका. रेडिएटरपुढे कागद धरा: फॅन मागच्या बाजूला असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. उडाला, तर फॅनच्या वायरी उलट जोडल्या आहेत.

मग रस्त्यावर न्या. मोकळ्या रस्त्यावर ५०-६०च्या वेगाला फॅन बंदच असायला हवा, समोरची हवा पुरते. तिथेही तो चालू राहिला तर नॉबला हात लावू नका; रेडिएटर चोंदलाय का, ते बघा. गाडीला जुना डायनामो असेल तर उभ्या गाडीत तो जवळपास चार्जच करत नाही आणि फॅन बॅटरीवर चालतो. अशा गाडीत फॅन विनाकारण लवकर सुरू होईल असं लावू नका.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघडं पाणी मुंबईपेक्षा ४ ते ५ अंश आधी उकळतं, आणि दाब धरणारी कॅप कमकुवत असेल तर रेडिएटरमधलं पाणीही तसंच लवकर उकळतं. ९२चं सेटिंग तिथेही चालतं, मात्र कॅपचा रबर आणि स्प्रिंग निघण्याआधी तपासा. डॅशबोर्डखाली फॅनचं एक हाताने चालवायचं बटण, छोट्या दिव्यासकट, स्विचला समांतर जोडा. नळी घाटात तडकली तरी तेवढ्यावर गाडी घरी येते.