काय वाचू? यादी नको, जोडी लावा: एक खरं पुस्तक आणि एक रचलेलं

कोणी विचारलं ना की "काय वाचू सांग", तर आपण सगळे एकच करतो, धडाधड दहा नावं सांगून मोकळे होतो आणि समोरचा माणूस ती मोबाईलमध्ये लिहून घेतो आणि विषय तिथेच संपतो. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. एकदा पुस्तक प्रदर्शनातून अशीच यादी घेऊन चौदा पुस्तकं आणली, त्यातली तीन वाचून झाली आणि बाकीची कपाटात राहिली. पुस्तकं वाईट नव्हती हो, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता, एक संपलं की पुढचं का उचलायचं हेच कळत नव्हतं. त्यानंतर मी वेगळी पद्धत धरली आणि ती आजपर्यंत टिकलीय, म्हणून नीट सांगतो.

पद्धत साधी आहे. आधी एक प्रश्न धरायचा. मग त्या प्रश्नावर एक नॉनफिक्शन आणि एक फिक्शन अशी जोडी लावायची आणि दोन्ही लागोपाठ वाचायची. प्रश्न म्हणजे विषय नाही हां, "मला इतिहास आवडतो" एवढ्यावर पुस्तक निवडता येत नाही, ते फार मोठं होतं. प्रश्न छोटा आणि खरंच पडलेला पाहिजे. माझा पहिला प्रश्न होता की पणजोबांच्या काळात गावातल्या सुताराला, कुंभाराला, न्हाव्याला पैसे कोण द्यायचं? घरात म्हातारी माणसं "बलुतं घालायचो" असं म्हणायची पण म्हणजे नेमकं काय हे कोणी सांगेना.

त्यासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हातात आलं, १९१५ सालचं पुस्तक. गाव कसं चालतं, बलुतं म्हणजे कामाच्या बदल्यात मिळणारा पिकातला ठरलेला वाटा तो कोणाला, वतनं म्हणजे पिढीजात हक्क ते काय, कारू-नारू म्हणजे गावाची कामं करणारे बलुतेदार-अलुतेदार कोण, फिरस्ते कोण, कोणाच्या खळ्यावर कोण हात पसरतो, सगळं इतकं बारकाईने लिहिलंय की वाचताना आपण हिशोबाच्या वहीत डोकावतोय असं वाटतं. आत्रे सरकारी नोकरीतले, गावं आतून पाहिलेले, आणि त्यांचं मत स्पष्ट आहे, की पिकवणारा कुणबी एकटा आणि त्याच्या राशीवर टपलेले पन्नास. भाषा जुनी, वाक्यं लांब, पण तीस पानांनंतर कान सरावतो. काही जातींबद्दल ते जे लिहितात ते आज वाचताना खटकतं आणि खटकायलाच पाहिजे, म्हणून तर एकट्या 'गावगाड्या'वर थांबायचं नाही.

लगेच दलित लेखक दया पवारांचं 'बलुतं' घ्या, १९७८ चं. हेही खरंच आयुष्य, आत्मकथन, पण त्याची रचना गोष्टीसारखी आहे, दगडू मारुती पवार दया पवारांशी बोलतोय, म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतोय. 'गावगाड्या'त जे बलुतं हक्क, वाटा, रिवाज अशा शब्दांत येतं तेच इथे घरातल्या भाकरीपर्यंत येऊन पोचतं, आणि गाव सुटून मुंबईच्या कावाखाना नावाच्या वस्तीत गेल्यावरही पाठ सोडत नाही. दोन्ही पुस्तकं एकाच महिन्यात वाचली तर एकाच खळ्याकडे दोन बाजूंनी बघितल्यासारखं होतं, आणि हे कुठल्याही एका पुस्तकातून होणार नाही.

आणि मग तिसरं, पूर्ण फिक्शन, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत येतो, शाळेत पोरं नाहीत, पोरं मेंढरांमागे. कादंबरी लहान आहे, दोन-तीन बैठकांत होते, पण दुष्काळ येतो आणि वाडी हळूहळू रिकामी होते ती पानं वाचून मला कळलं की गाव नावाची गोष्ट पावसाच्या एका हुकलेल्या हंगामावर उभी असते. आत्रे तुम्हाला गावाची यंत्रणा समजावतात, माडगूळकर त्या यंत्रणेतली माणसं नावानिशी समोर बसवतात. जोडीचं तिकूट झालं इथे, चालतं.

आता जोडी लावताना एक गोष्ट लक्षात ठेवा, दोन्ही पुस्तकं एकाच काळातली असायलाच पाहिजेत असं नाही, प्रश्न एक असला की पुरे. उदाहरण देतो. माझा दुसरा प्रश्न होता, लढाईशी काही घेणंदेणं नसलेला साधा माणूस लढाईत सापडला तर त्याचं काय होतं? त्यावर खरं पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरी कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे म्हणजे दक्षिणा चांगली मिळेल म्हणून काकांबरोबर निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात जाऊन अडकले. झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत शहरात! लुटले गेले, पुन्हा मिळवलं, पुन्हा लुटले गेले, आणि शेवटी घरी काय घेऊन आले तर आईवडिलांसाठी गंगेची कावड. राणीबद्दल तुम्ही कितीही वाचलं असेल तरी तोफांच्या आवाजात जेवणाची सोय बघणारा माणूस दुसरीकडे कुठे भेटायचा नाही.

ह्याच्या जोडीला विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. १९३९ ची कादंबरी, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षीची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, बोटीवर जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, त्यात हॅर्टा नावाची मुलगी आणि आपला मराठी चक्रधर. एकही लढाई दिसत नाही पण सगळ्यांच्या बोलण्यात ती आहे. पुढचं सांगत नाही. गोडसे भटजींना काय झालं हे लिहायला नंतर अख्खं आयुष्य मिळालं, बोटीवरच्या माणसांना पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही आणि आपल्याला माहितीय, हा फरक दोन्ही एकत्र वाचल्यावर फार आत जातो.

इथे एक टिप, जुनं पुस्तक घेताना आवृत्ती बघाच. 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलं तेव्हा त्यांनी मजकुरात फेरफार केले होते, मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती नंतर निघाली. जमलं तर मूळवालीच घ्या, भटजींची बोलण्याची ढब त्यात आहे. शब्द अडले तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन फुकट बघता येतो, त्याची दुसरी आवृत्ती नेमकी १८५७ चीच आहे, म्हणजे भटजींच्या तोंडचे शब्द त्याच काळातल्या माणसाने गोळा केलेले. इंग्रजी अर्थ देतो, पण हरकत नाही, शब्द सापडल्याचा आनंद वेगळाच असतो.

आवृत्तीवरून आठवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी ऑनलाइन मागवलं आणि आलं ते संक्षिप्त, जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. मला फार राग आला होता कारण ह्या पुस्तकात गंमत बारीकसारीक प्रसंगांतच आहे, तीच कापली तर काय उरलं? १९३४ पासून भागाभागांनी आलेलं हे पुस्तक, सोवळ्याचं टोक गाठलेले वडील, न सांगता घर सोडून जाणारा कवी नवरा, त्याचं ख्रिस्ती होणं, आणि शाळेत न गेलेली ही बाई हे सगळं असं सांगते की हसता हसता गळ्याशी येतं. तर ऑर्डर करताना पानांची संख्या बघा, "संक्षिप्त" शब्द शोधा, शंका असली तर दुकानात फोन करा. फिक्शनमध्ये ह्याला जोड म्हणून उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या, १९६० ची. त्यातली कौतिक संसार ओढते तो वऱ्हाडातला, संवाद वऱ्हाडी, मोठ्याने वाचले की कळतात. जड पुस्तक आहे मनाला, सुट्टीत वाचू नका.

महाभारतावरचा प्रश्न बऱ्याच जणांना असतो, खास करून कर्णाबद्दल. तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय', दोन्ही १९६७ चीच! 'मृत्युंजय' बहुतेकांनी कॉलेजात वाचलेली असते आणि त्यातला कर्ण डोक्यात पक्का बसलेला असतो. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, त्या महाभारताची संहिता पुढे ठेवून माणसं तपासतात, कोणालाही देव करत नाहीत. माझा सल्ला असा की कादंबरी आधी वाचा, पूर्ण वाहून जा, आणि मगच 'युगान्त'. उलट केलंत तर कादंबरीचा रस थोडा कमी होतो असं मला वाटतं. बाकी जोड्यांत मात्र खरं पुस्तक आधी आणि गोष्ट नंतर, हा क्रम जास्त जमतो.

निसर्गाची आवड असेल तर दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) एका दमात वाचू नका प्लीज. एकेका मराठी महिन्यावर लेख आहे, तो त्या त्या महिन्यातच वाचा आणि वाचून झाला की खिडकीबाहेरचं एक झाड बघा, वर्षभराचा कार्यक्रम होतो. सोबत माडगूळकरांची 'सत्तांतर', वानरांच्या टोळ्यांवरची छोटी कादंबरी, टोळीचा म्होरक्या बदलतो तेव्हा पिल्लांचं काय होतं हे वाचून मी रात्री झोपलो नव्हतो. जंगल आणखी हवं असेल तर वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' आहेच.

विज्ञानाला जयंत नारळीकर एकटेच दोन्ही बाजू सांभाळतात, कथांसाठी 'यक्षांची देणगी' आणि खऱ्यासाठी 'चार नगरांतले माझे विश्व', चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावामुळे बक्षीस मिळायला नको! आणि बक्षीस मिळालंच. शाळेतल्या पोरांना हा किस्सा आधी सांगा आणि मग पुस्तक द्या, लगेच उघडतात.

आता वाचायचं कसं ते थोडक्यात. एक साधी वही ठेवा, पहिल्या पानावर तुमचा प्रश्न लिहा, आणि वाचताना फक्त त्या प्रश्नाला लागून जे येईल तेवढंच टिपा, पान नंबर टाकून. सुंदर वाक्यं उतरवत बसू नका, त्यात वाचन मागे पडतं. पन्नास पानांत पकड आली नाही तर पुस्तक बिनधास्त बाजूला ठेवा, पण जोडीतलं दुसरं मात्र सुरू करा, बऱ्याचदा दुसरं वाचून झाल्यावर पहिल्याची गोडी लागते, माझं 'गावगाड्या'च्या बाबतीत हेच झालं होतं. मध्येच माहिती कमी पडली, एखादी जागा, जात, वनस्पती, राजा, तर मराठी विश्वकोश ऑनलाइन उघडा, नोंदी नेमक्या आहेत.

सगळं विकत घ्यायची गरज नाही. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे आत्रे, गोडसे भटजी, लक्ष्मीबाई हे सगळे मोकळे झालेत, स्वस्त आवृत्त्या आणि स्कॅन दोन्ही मिळतात. बाकीची गावातल्या वाचनालयात विचारा, धूळ झटकून काढून देतात, आणि एकदा तुम्ही नेमकं नाव घेऊन गेलात की ग्रंथपाल पुढच्या वेळी आपणहून दोन पुस्तकं काढून ठेवतात, हा माझा अनुभव आहे. विकतच घ्यायची तर पुस्तकांच्या दुकानांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर, आणि पाचगणीकडे गेलात तर भिलारला थांबा, २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसा आणि वाचा.

माझ्या वहीत सध्याचा प्रश्न मुंबईच्या कापडगिरण्यांचा आहे, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्यानंतर त्यांच्या घरांचं काय झालं? खऱ्याच्या बाजूला नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावची', ज्यात गिरणगावातली माणसं स्वतःच बोलतात. रचलेल्याच्या बाजूला ह्यावेळी कादंबरी नाही, जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक घेतलंय. नाटक वाचायची सवय नसेल तर घरातल्या तिघाचौघांना भूमिका वाटून द्या आणि रात्री जेवणं झाल्यावर एकेक प्रवेश मोठ्याने वाचा.