मृगाचा पाऊस बसायच्या आत निंबोळी घरात आणा

बांधावरचे कडुनिंब आता पिवळ्या निंबोळ्यांनी लगडलेत. खाली सडा पडतोय आणि आपण त्यावरून ट्रॅक्टर नेतोय. पुढे पोळ (पावसाळी) कांद्यावर पातीचा रस शोषणारे फुलकिडे दिसले, की हीच निंबोळी बाटलीतून विकत आणायची.

"निंबोळी अर्कानं काही होत नाही," असं निफाड-दिंडोरीकडे बरेच जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा तो अर्क फवारणीच्या दिवशी नाही, जूनमध्येच वाया गेलेला असतो.

निंबोळीतला कामाचा मुख्य घटक म्हणजे ॲझाडिरॅक्टिन. तो सर्वात जास्त असतो बीच्या आतल्या मगजात, पाल्यात फार थोडा. म्हणून पाला उकळून फवारण्यात फारसा अर्थ नाही. १९६८ साली हा पदार्थ वेगळा काढला गेला, पण त्याची रचना इतकी किचकट की प्रयोगशाळेत तो पूर्ण तयार व्हायला २००७ साल उजाडलं. केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांची २२ वर्षं त्यात गेली. आणि तितकाच तो नाजूक: कडक ऊन, उकळतं पाणी, अल्कधर्मी पाणी, काहीच त्याला सोसत नाही.

त्यामुळे पिकून पडलेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचा. पावसात दोन-तीन दिवस भिजत पडलेल्या नकोत. त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढा आणि बिया सावलीत, वारा लागेल अशा पडवीत पातळ पसरा. सिमेंटच्या ओट्यावर भर उन्हात वाळवू नका. नीट सुकल्या की गोणपाटात भरा. एका वर्षी घाईत मी ओलसर बिया प्लास्टिकच्या गोणीत कोंबल्या होत्या. श्रावणात गोणी उघडली तर आत नुसती बुरशी. बी फोडून बघायची सवय ठेवा. मगज हिरवट असेल तर माल चांगला, काळा पडला असेल तर टाकून द्या.

धान्याच्या कणगीत पाला घालायची आणि पाडव्याला गुळाबरोबर कोवळी पानं खायची रीत आपल्याकडे जुनीच. शेतातल्या किडीवर मात्र निंबोळीच चालते. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निंबोळीचं पाणी मारलेलं पीक टोळ खात नाहीत. अळीची भूक मारायची आणि कात टाकण्याच्या संप्रेरकात बिघाड करायचा, असं हे काम चालतं. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी शोधू नका. किडी लहान आणि थोड्या असताना मारलं तरच उपयोग. पात पांढरी पडल्यावर निंबोळीवर विसंबू नका.

५ टक्के अर्कासाठी ५ किलो बियांची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी वस्त्रगाळ करा. २०० ग्रॅम साबणचुरा १ लिटर पाण्यात विरघळवून घ्या, पण तो फवारणीच्या वेळीच मिसळा. मग एकूण १०० लिटर पाणी करा. कांद्याची पात मेणचट असते, साबण नसेल तर थेंब घरंगळून जातो. बोअरचं पाणी जड असेल तर लिंबाचा रस घालून पीएच ६ च्या आसपास आणा. ऊन उतरल्यावर फवारा, म्हणजे मधमाश्याही परतलेल्या असतात. तयार अर्क त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

निंबोळीचं तेल घरात असेल तर ते लहान मुलांना पोटात देऊ नका. त्यातून मुलांना विषबाधा झालेली आहे.

एकरी २०० लिटर पाणी धरलं तर एका फवारणीला १० किलो भरड लागते, तीन फवारण्यांना ३०. हे वजन गर काढून वाळवलेल्या बियांचं आहे, त्या हिशेबानं वेचायला माणसं लावा.